नऊशे ग्रॅमचा जीव

“नाना, भुरी लघवी करताना रडते.”

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यातली दुपार होती. सोलापूरचे ऊन दारावर उभे होते आणि मी नुकताच पंख्याखाली आडवा झालो होतो. जावई नोकरीनिमित्त सौदीत असल्याने लेक आणि नात आमच्याकडेच राहतात. नातीचे म्हणणे मी आधी हसण्यावारी नेले. गिनीपिग चीं चीं करतोच, पिशवीचा आवाज आला की करतो, फ्रीज उघडला की करतो. पण ती हट्टाला पेटली तेव्हा उठून पाहिले. पाठीची कमान करून भुरी कोपऱ्यात बसली होती. तिने जोर केला, एक बारीक, लांब किंकाळी निघाली आणि खालच्या पांढऱ्या फडक्यावर गुलाबी डाग उमटला.

वाचकांपैकी बऱ्याच जणांनी हा प्राणी पाहिला नसेल. दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढा, शेपूट नसलेला, गवत खाणारा. नावात ‘पिग’ आहे म्हणून मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला मशिदीच्या पायरीवर अडवून विचारले होते, “सर, घरात डुक्कर पाळलंय म्हणे?” त्यांना सांगावे लागले की याचा डुकराशी काहीही संबंध नाही, हा उंदीर-खारीच्या जातीचा आहे. फ्रेंच लोक तर याला ‘हिंदुस्थानचे डुक्कर’ म्हणतात, आणि हा हिंदुस्थानचाही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. तिकडे तो आजही ताटात असतो. आमच्याकडे तो आला नातीच्या मामाकडून, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून, ईदी म्हणून. दोन माद्या, सहाशे रुपयांना. एक भुरी, दुसरी काळी.

हे सहाशे रुपये ध्यानात ठेवावेत, कारण पुढचे सगळे त्यांच्याभोवतीच फिरत राहिले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर टोपलीत भुरीला घेऊन आम्ही गुराढोरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर सज्जन गृहस्थ. एका म्हशीच्या सडाला औषध लावून, हात धुऊन ते आले, टोपलीत डोकावले आणि क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, खोटं बोलत नाही. मला म्हशीचं येतं, शेळीचं येतं. याचं आम्हाला कॉलेजात शिकवलं ते प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून. आजारी पडला तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही.”

त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला राग आला नाही. उलट ते वाक्य माझ्याच घशात अडकले. कारण प्रयोगशाळेतला हा प्राणी मी त्यांच्यापेक्षा जास्त ओळखत होतो.

पंचवीस वर्षे मी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना फार्माकॉलॉजी शिकवली. त्या काळातल्या प्रात्यक्षिकांत गिनीपिगच्या आतड्याचा एक तुकडा काचेच्या नळीत, कोमट क्षारद्रावात टांगला जाई. त्याला प्राणवायूचे बुडबुडे दिले की तो देहाबाहेरही तासन्‌तास जिवंत राहतो. औषधाचा थेंब पडला की आक्रसतो आणि धुराने काळ्या केलेल्या ड्रमवर त्याची रेघ उमटते. फार देखणा प्रयोग. त्या तुकड्यासाठी सकाळी एक गिनीपिग मारावा लागे, डोक्याच्या मागे एक घाव आणि मग गळा. मदतनीस रजेवर असला की ते काम मी करीत असे. किती केले याची मोजदाद ठेवली नाही. पुढे तेच प्रयोग संगणकाच्या पडद्यावर दाखवण्याची पद्धत आली आणि माझी बदली जणू आपोआप झाली. पश्चात्ताप वगैरे शब्द मी वापरणार नाही. त्या शिक्षणातून औषधे कळणारी मुले बाहेर पडली आणि ती आज दुकानांत, कारखान्यांत आहेत. पण गिनीपिगने मला बरेच दिले आहे आणि मी त्याला काही दिलेले नाही, एवढा हिशेब टोपली मांडीवर घेऊन बसलो असताना चुकवता येत नव्हता.

हा हिशेब माझ्या एकट्याचाही नाही. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तो गिनीपिगच्या शरीरात वाढवून. घटसर्पाच्या प्रतिविषाची ताकद मोजायचे माप ठरले तेही अडीचशे ग्रॅमच्या गिनीपिगवर. तो जगतो की मरतो, यावर. आपल्यासारखाच हाही प्राणी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. त्यामुळे १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांना त्याच्यावर स्कर्व्ही दाखवता आली आणि खलाशांचे दात पाडणारा तो रोग खाण्याशी कसा बांधलेला आहे ते उलगडले. म्हणजे ज्या प्राण्याच्या देहावर आपल्या वैद्यकाचा एक मोठा भाग उभा आहे, त्याला स्वतःला मूतखडा झाला तर अख्ख्या जिल्ह्याच्या गावात औषध नाही.

असे का होते हे समजायला अवघड नाही. पशुवैद्यकाची पहिली शाळा १७६१ साली फ्रान्समध्ये लियाँ इथे निघाली ती गुरांच्या साथींच्या धास्तीने. आपल्याकडे परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ चे आणि मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. तो काळ घोड्यांचा आणि बैलांचा होता. ज्याचा उपयोग त्याचा वैद्य, हा साधा व्यवहार आहे. कुत्रा त्यात नंतर आला, मांजर त्याच्याही नंतर. गिनीपिगचा उपयोग होता तो मरण्याचा, आणि मरायला डॉक्टर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कुत्र्या-मांजरांच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथे तपासणी बरी झाली, आणि चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिनचे तोंडावाटे द्यायचे औषध लिहून मिळाले. माझ्या पोटात गोळाच आला. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे पोटात गेली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. १९४० साली ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्या पथकाने पेनिसिलिनची निर्णायक चाचणी घेतली ती पांढऱ्या उंदरांवर. गिनीपिगवर घेतली असती तर कदाचित ते औषध तिथेच बाजूला पडले असते, असे आम्ही वर्गात गमतीने सांगत असू. ती गंमत आता चिठ्ठीवर लिहून आली होती. डॉक्टरांना मी जरा चाचरतच सांगितले. त्यांनी फोनवर काहीतरी पाहिले, चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” त्यांचा मोठेपणा. पण ज्याला फार्माकॉलॉजी शिकवण्याचा अनुभव नाही, तो बाप ते औषध वेळच्या वेळी, प्रेमाने, सिरिंजने पाजत राहिला असता.

त्यांनीच पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. ससे, कासवे, पोपट, गिनीपिग यांच्यावर इलाज करणारी ही वेगळी शाखा आता मोठ्या शहरांतून तयार होत आहे. बाईंनी व्हॉट्सअॅपवर फडक्याचा फोटो मागवला आणि तीन प्रश्न विचारले. खाते का? वजन किती? शेवटची लेंडी केव्हा? नऊशे ग्रॅम, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “काका, हे प्राणी दुखणं लपवतात. शिकार होणाऱ्या जातीचे आहेत ना. आपल्याला दिसलं म्हणजे बराच वेळ झालेला असतो. आणि खाणं बंद पडलं तर एक दिवससुद्धा थांबू नका.”

त्या रात्री घरात बोलणी झाली. बेगमचा स्वभाव कठोर नाही, पण तिने व्यवहाराचे बोट धरले. जाण्या-येण्याची गाडी, तपासण्या, लागलीच तर शस्त्रक्रिया. दहा-बारा हजारांचा आकडा समोर आला. “सहाशेची जोडी. तीनशेला नवीन येईल. मुलीला कळणारही नाही.” कळणार नाही हे खोटे होते, पण तो मुद्दा नव्हे. मुद्दा हा की तीनशे रुपयांच्या वस्तूवर बारा हजार खर्च करणे हा इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नाही का? आणि उधळपट्टी आपल्याकडे नापसंत आहे, हे मोहल्ल्यातले लहान मूलही सांगेल.

मी त्यावर रात्रभर विचार केला. लहानपणी मदरशात ऐकलेल्या दोन गोष्टी आपल्यापैकी सर्वांना ठाऊक आहेत. एक तहानलेल्या कुत्र्याची, ज्याला विहिरीत उतरून पायातल्या मोज्यात पाणी भरून आणून पाजले गेले. दुसरी त्या बाईची, जिच्यावर एका मांजरीपायी अजाब आला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत या हदीसा आहेत. पहिली आपण मुलांना हौसेने सांगतो, दुसरी सांगायची टाळतो. पण माझ्या प्रश्नाला भिडत होती ती दुसरीच. त्या बाईने मांजरीला मारले असे हदीस म्हणत नाही. तिने मांजर कोंडली, खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडे-मकोडे वेचून जगायला सोडलेही नाही. ठपका कोंडण्याचा आहे. दाराला कडी घातली त्या क्षणी मांजरीची भूक ही बाईची जबाबदारी झाली. मांजर किती रुपयांची होती हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

बाईला निदान एक वाट होती, दार उघडण्याची. मला तीही नाही. भुरीला अंगणात सोडले तर संध्याकाळपर्यंत बोका नाही तर घार तिचा निकाल लावील. हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली काढलेल्या या जातीला परतायला रान उरलेले नाही. मग जे उरते ते सगळे पिंजरेवाल्याकडे येते, गवत, पाणी, सावली आणि मूतखडासुद्धा. तेराव्या शतकातले फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी ‘कवाइदुल अहकाम’मध्ये जनावरांचे माणसावरचे हक्क नोंदवले आहेत. त्यात एक असा की जनावर म्हातारे झाले, दुखणाईत झाले, त्याच्यापासून काही लाभ उरला नाही, तरी त्याचा खर्च मालकाने चालवावा. उंट-घोड्यांच्या जगात बसून त्यांनी ‘लाभ उरला नाही तरी’ ही अट घातली. १९६० चा आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरच त्याच्या हिताचे कर्तव्य टाकतो. तिथेही किमतीचा उल्लेख नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघालो. उन्हात या प्राण्याला उष्माघात फार लवकर होतो, म्हणून बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवल्या. काळीलाही बरोबर घेतले, कारण एकटे पडले की हे प्राणी खाणे सोडतात. पुण्यात एक्स-रे काढला. काळ्या पडद्यावर मूत्राशयाच्या जागी एक पांढराशुभ्र वाटाणा. गिनीपिगचा खडा बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि एक्स-रेत तो लपत नाही. सोनोग्राफीही केली, कारण मादीत रक्त गर्भाशयातूनही येऊ शकते.

खायला काय देता, असे बाईंनी विचारले. मी अभिमानाने सांगितले, दूधवाल्याकडून रोज ताजा लसूणघास आणतो. त्यांनी पेन खाली ठेवले. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. या प्राण्याचे आतडे अन्नातले कॅल्शियम हातचे न राखता शोषते आणि जास्तीचे लघवीवाटे टाकते. वाढत्या पिलाला ते चालते, मोठ्याला साधे वाळलेले गवतच मुख्य हवे. “तेवढ्यानंच झालं असं नाही,” त्या म्हणाल्या, “कारणं बरीच असतात, कमी पाणी, जंतू, जन्माचा कल.” पण मला जे ऐकायचे ते मी ऐकले होते. दोन वर्षे मी रोज सकाळी सायकलवरून जाऊन, घासाघीस करून तो खडा विकत आणत होतो.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. माणसाला उपाशी ठेवून भूल देतात, हिला नाही. गिनीपिगला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे थांबले तर तो जातो. म्हणून भुलीच्या आधी गवत, नंतरही शुद्धीवर येताच सिरिंजने पातळ केलेले खाणे, रात्री दर दोन तासांनी. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडे संपत आली, तेव्हा २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केले आणि त्याच्या जागी हे औषध आले. नातीने त्या रात्री सिरिंज धरली आणि मी भुरीला. ती सातवीत होती. माझ्या हाताला गिनीपिग कसा धरायचा ते नेमके माहीत होते, मान कुठे, मागचे पाय कुठे. तीच पकड होती.

बाईंनी खडा छोट्या बाटलीत घालून दिला. सगळा खर्च अकरा हजार आठशे.

तो खडा फडताळावर ठेवला होता. आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशींनी तो पाहिला, बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, “सर, आमच्या मालकांचाबी असाच हाय. फोटोत दिसला. आठ महिने झाले.” मग जरा थांबून, “हिला भूल दिली का? दुखलं नसंल मग.”

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. त्यांचे यजमान हमाली करतात, आठ महिने कळ आली की इंजेक्शन घेऊन पुन्हा पोती उचलतात. मी औषधांवर आयुष्य काढलेला माणूस, आणि मला हे ठाऊक नव्हते. का, तर विचारले नव्हते. भुरीची किंकाळी माझ्या घरात उठली, त्यांची त्यांच्या घरात.

मोहल्ल्यात मग अपेक्षित तेच झाले. “माणसं मरतात आणि सर जनावराला पुण्याला नेतात.” हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण रात्री स्वतःला विचारले, भुरी नसती तर ते अकरा हजार आठशे मी मावशींना दिले असते काय? नसते. ते बँकेत राहिले असते, किंवा सोफ्याला नवी कापडे चढली असती. मावशींचा वाटा भुरीने खाल्लेला नव्हता. तो वाटा मी कधी काढूनच ठेवला नव्हता. आक्षेप घेणाऱ्यांपैकीही कुणी काढून ठेवलेला दिसला नाही. ‘आधी माणूस’ हे वाक्य बहुतेक वेळा जनावराला नाही म्हणण्यापुरतेच कामाला येते. माणसाची पाळी आली की ते म्हणणारे सापडत नाहीत. मी स्वतःला यातून वगळत नाही.

मावशींच्या यजमानांना घेऊन मी सरकारी रुग्णालयात गेलो. मी काही मोठे केले नाही. रांगेत उभा राहिलो, पिवळे रेशनकार्ड दाखवले, महात्मा फुले योजनेचा अर्ज भरला. शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली. डॉक्टर तिथेही होते, योजना तिथेही होती. कमी होता तो कागद वाचणारा बरोबरचा माणूस. हे मी आठ महिने आधी करू शकलो असतो, आणि त्याला एक रुपयाही लागला नसता.

भुरी त्यानंतर जवळपास दीड वर्ष चांगली होती. लसूणघास बंद, वाळके गवत भरपूर, रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. दर जुम्म्याला वजन, कारण वजन उतरले की सगळ्यात आधी तेच बोलते. २०२४ च्या नोव्हेंबरात काटा आठशे वीसवर आला. एक्स-रेत पुन्हा पांढरा ठिपका. हे खडे परत येतात, हे आम्हाला सांगितलेले होतेच.

या वेळी प्रश्न पैशांचा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त अवघड होता. ती साधारण चार वर्षांची झाली होती. दुसऱ्यांदा पोट उघडता आले असते. बाई म्हणाल्या, “करू शकते. पण मूत्रपिंडातही एक दिसतोय. तो मला काढता येणार नाही.” जबाबदारी म्हणजे जे जे करता येते ते सगळे करणे, की कुठे थांबायचे ते ओळखणे? वृद्ध आई-वडिलांच्या उशाशी बसून हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांनी सोसला आहे. फरक एवढाच की आई मान हलवून सांगू शकते. भुरीच्या वतीने मलाच मान हलवायची होती, आणि माझ्या मनात माझी स्वतःची थकावट, पहाटेचा प्रवास, नातीची शाळा, हे सगळे मिसळलेले होते. ते वेगळे काढून तिचे हित तेवढे पाहणे मला पूर्ण जमले असा दावा करणार नाही. आम्ही शस्त्रक्रिया केली नाही. वेदनाशामक वाढवले. प्राण्याला इंजेक्शनने शांतपणे मरण देण्याचीही सोय असते. तेही बाईंनी सांगितले, आग्रह केला नाही. आम्ही “उद्या पाहू” म्हणत राहिलो. तिसऱ्या उद्याच्या सकाळी ती काळीला टेकून बसल्या बसल्या गेली होती. ते तीन दिवस तिला दुखले का, हे मला माहीत नाही. लपवणारी जात.

अंगणातल्या कढीपत्त्याखाली नातीने तिला पुरले. मावशींचे यजमान आले होते, त्यांनीच खड्डा खणला.

आता पिंजऱ्यात काळी एकटी आहे. एकटी ठेवू नये, हे आम्हाला कळते. पहिल्या आठवड्यात तिने निम्मे गवत टाकले होते. नात म्हणते, मामाला सांगू, एक आणून देईल. पण नवीन आणलेली काळीच्या मागे उरेल, आणि मग तिच्यासाठी पुन्हा एक. असा हा पिंजरा कधीच रिकामा होणार नाही. न आणावी, तर काळीची उरलेली वर्षे एकटीची. पुण्याच्या बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, कुणाकडे अशीच एकटी पडलेली असेल तर पाहते, दोघींना एकत्र ठेवता येईल. अजून फोन आलेला नाही. तोवर संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी नात पिंजरा आपल्या टेबलाशी ओढून घेते आणि इतिहासाचे धडे मोठ्याने वाचते.